खालचा माणूस

१

वाळवंटात घरं तापवायची यंत्रं दुरुस्त करून पोट भरतो, असं सदानंद खांबेटे सांगायचा तेव्हा ऐकणारा आधी त्याच्याकडे बघायचा आणि मग बाहेरच्या उन्हाकडे. मुलुंडच्या त्याच्या सासऱ्यांना तर शेवटपर्यंत वाटत राहिलं की जावई खरा धंदा लपवतोय. पण धंदा खरा होता. रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याशी जानेवारीत असा गारठा पडतो की दात वाजतात, आणि तिथं जुन्या हौशी लोकांनी बांधलेल्या घरांत खिडक्यांखाली लोखंडी रेडिएटर उभे असतात. खाली बॉयलर पाणी तापवतो, पाणी पाइपांतून खोलीखोलीत फिरतं, रेडिएटर तापतात, माणसं पाय लांब करून बसतात. आणि लोखंड आणि पाणी एका घरात नांदायला लागले की कुठं ना कुठं गळणारच. नवराबायकोचं तरी काय वेगळं असतं?

ही गळती काढायला शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका मेंटेनन्स कंपनीत एकच जोडी होती. सदानंद आणि वसईचा लॉईड तुस्कानो. एक साबुदाण्याच्या खिचडीवर वाढलेला, दुसरा सुकटीच्या चटणीवर, पण मेतकूट असं की एकाला ढेकर आला तर दुसऱ्यानं पोटावर हात फिरवावा.

काम दोन माणसांचंच. वरचा माणूस खोलीत रेडिएटर खोलतो, पाइपाच्या आट्यांवर सूत गुंडाळतो, नट कसतो, मग छोट्या चावीनं आत अडकलेली हवा सोडतो. हवा सुटली की पाण्याचं प्रेशर पडतं. तेवढंच पाणी खालच्या माणसानं वॉल्व उघडून भरायचं, प्रेशरच्या काट्यावर डोळा ठेवून. कमी भरलं तर रेडिएटर थंड, जास्त भरलं तर वरच्याच्या तोंडावर कारंजं. लॉईडचा उजवा गुडघा कामातून गेलेला, बॉयलर-खोलीच्या उभ्या लोखंडी पायऱ्या त्याला जमत नसत. म्हणून लॉईड कायम वर, सदानंद कायम खाली.

बॉयलर-खोलीत मोबाईलला रेंज नसते आणि हात ओले असतात. म्हणून बोलणं पाइपातून. पाइपावर पान्याचा एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे पाणी सोड. तीन म्हणजे काम झालं, वर ये. वरच्यानं ठोकायचं, खालच्यानं तेवढंच परत ठोकून ‘ऐकलं’ म्हणून कळवायचं. सदानंदला लहानपणापासून आरतीत झांज वाजवायची खोड, त्यामुळे तो प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक बारीकशी टिचकी जोडायचा. टण, टण, आणि मग जरा थांबून, टिक.

“आली बघा सदाची शेपटी,” लॉईड वर एकटाच हसायचा.

आणि एक नियम होता, दोघांनी मिळून केलेला. तीन ठोके ऐकल्याशिवाय खालच्यानं जागा सोडायची नाही. वर कुणाचे हात कशात अडकलेत ते खालच्याला दिसत नसतं.

२

उन्हाळा सुरू होता होता सदानंदला बढती मिळाली. को-ऑर्डिनेटर. काचेची केबिन, फिरती खुर्ची, टेबलावर प्लॅस्टिकचं झाड.

ही बातमी त्याला मिळाली तेव्हा दोघं शहरबानूंच्या घरी कामावर होते. शहरबानू म्हणजे मूळच्या इराणी घराण्यातल्या म्हाताऱ्या बाई. नवऱ्यानं लग्नानंतर त्यांच्या माहेरासारखं घर बांधून दिलं, रेडिएटरसकट, आणि मग तो वारला. सदानंद खाली बॉयलरपाशी बसला होता आणि त्याचं सगळं चित्त बढतीच्या फोनवर लागलं होतं. रेंज नाही, फोन आला तरी कळायचं कसं? काम संपत आलंच होतं. शेवटी राहवेना, तो पायऱ्या चढून गेटपाशी गेला, आणि फोन तिथं आला. “काँग्रॅच्युलेशन्स, मिस्टर सदानंद.” त्यानं तिथंच दोन उड्या मारल्या. तीन ठोके ऐकायला खाली कुणीच नव्हतं. पण थोड्या वेळानं लॉईड पिशवी घेऊन लंगडत बाहेर आला, हसला, मिठी मारली. बढतीच्या आनंदात ठोक्यांचा हिशेब कोण करतो?

सदानंदला वाटलं होतं, आपण नसलो की लॉईडचं अडेल. बिचारा रोज फोन करील, सदा रे सदा म्हणून रडेल, मग आपण मोठेपणानं मॅनेजरशी बोलून नवा जोडीदार बघून देऊ. जरा बावळटसाच, म्हणजे लॉईडला आपली किंमत कळत राहील.

लॉईडचं काही अडलं नाही. हिवाळा आला, शहरबानूंच्या घरून गळतीच्या तक्रारी यायला लागल्या, आणि लॉईड एकटाच गेला, काम करून आला, चहा प्याला आणि घरी गेला. मॅनेजर म्हणाला, “वंडरफुल. एका माणसात काम होतंय.”

सदानंदच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एका माणसात? त्या गुडघ्यानं? ते काम एकट्यानं करायचं तर हवा सोडायला वर आणि पाणी भरायला खाली, दिवसभर नुसती पळापळ. म्हणजे कुणीतरी होतं. लॉईडनं कंपनीला न सांगता दुसरा माणूस धरला होता, आणि आपल्याला नाव सांगत नव्हता.

घरी जेवताना तो विषय निघाला. म्हणजे रोजच निघायचा.

“असेल कुणीतरी,” त्याची बायको अनुराधा म्हणाली. “तुम्हाला काय करायचंय? तुम्ही साहेब झालात ना?”

“करायचं काही नाही. पण सांगायला काय होतंय त्याला?”

“अगं बाई,” अनुराधानं आमटीचा डाव पातेल्यातच ठेवला, “सवत आणल्यासारखं तोंड करून बसलाय हा माणूस. मी माहेरी गेले की इतका वाळत नाही हो कधी.”

“बाबा, यू आर टोटली जेलस,” शुभ्रा ताटातून मान वर न करता म्हणाली.

“जेलस कसला? सेफ्टीचा प्रश्न आहे.”

दोघी मायलेकी इतक्या हसल्या की सदानंदनं ताक न घेताच पान सोडलं.

३

एकदा दुपारी त्यानं केबिनमधून लॉईडला फोन लावला. लॉईड शहरबानूंच्याच घरी होता.

“काय रे, कसं चाललंय?”

“फर्स्ट क्लास. मागच्या बेडरूमचा रेडिएटर गळत होता, सूत सडलेलं. नवीन बांधलं. आता हवा काढतोय. थांब हां जरा.”

फोनमधून पान्याचे दोन ठोके आले. टण, टण. लॉईड ठोकत होता.

“कोण आहे रे खाली?” सदानंदनं शक्य तितकं सहज विचारलं.

“कोण असणार?” लॉईड हसला. कसं हसला, ते सदानंदला आवडलं नाही. लाडानं हसला, एखादं गुपित दोघांना माहीत असल्यासारखा.

आणि तेवढ्यात खालून उत्तर आलं. लांबून, पाइपातून, घुमत. टण, टण.

मग जरा थांबून, टिक.

सदानंदनं फोन खाली ठेवला. तुमच्या माझ्यासारख्याच्या अंगावर काटा आला असता. पण मत्सराची एक गंमत आहे, तो भीतीला आधी आत येऊच देत नाही, दारातच बसवतो. सदानंदच्या मनात आलं ते एवढंच, की माझी शेपटी त्यानं दुसऱ्याला शिकवली.

इतकी वर्षं ज्याला लॉईड ‘सदाची शेपटी’ म्हणायचा, ती आता कुठल्या तरी ऐऱ्यागैऱ्याच्या हातात होती. आणि सदानंद तिच्या आधी थांबायचा तेवढाच तो थांबत होता. नेमका तेवढाच. म्हणजे लॉईडनं शेजारी बसून शिकवलं असणार, हात धरून. “असं नाही रे, जरा थांब, आता हां, टिक.”

टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या झाडाचं एक पान त्यानं तोडून टाकलं.

४

पुढच्या वेळी लॉईड रास अल खैमाला निघाला तसा सदानंदनं दाढदुखीचं कारण सांगितलं आणि कंपनीतून सटकला. गाडी अनुराधाकडे होती, म्हणून तो शारजाहून बसनं गेला आणि पुढे टॅक्सी केली. सिमेंटचे ट्रक मागं पडले, राखाडी डोंगर जवळ आला. वाटेत त्यानं चोर पकडल्यावर काय काय बोलायचं त्याची तालीम केली. टॅक्सीवाला शौकत आरशातून बघत राहिला. “साब, किससे झगड़ा है?”

“किसीसे नहीं. सेफ्टी का मामला है.”

शहरबानूंचं घर बैठं, लांबट, पिवळ्या दगडाचं. गेटबाहेर लॉईडची पिकअप उभी होती. दुसरी गाडी नव्हती. अंगणाच्या कोपऱ्यात बॉयलर-खोलीचं लोखंडी दार, त्याच्या उंबऱ्यावर बशीनं झाकलेला चहाचा पेला.

दार शहरबानूंनीच उघडलं. अंगावर शाल, हातात जपमाळ. त्यांनी सदानंदला ओळखलं नाही.

“कंपनी से? आओ, आओ. तुम्हारा लॉईड पीछे के कमरे में है.” मग त्यांनी खिडकीखालच्या रेडिएटरवर, त्यांच्या भाषेत शोफाजवर, तळवा ठेवला, मांजराच्या पाठीवर ठेवतात तसा. “हमारा शोफाज अब बहुत अच्छा चलता है. नीचेवाला आदमी बहुत शरीफ़ है.”

सदानंदचे कान टवकारले. “नीचेवाला? आपने देखा है उसको?”

“देखा नहीं. आवाज़ आती है. मैं अकेली रहती हूँ ना, बेटा, घर में कोई है, अच्छा लगता है. चाय रखती हूँ रोज़ उसके लिए. पीता नहीं है.”

“रोज़?” सदानंद म्हणाला. “लॉईड तो रोज़ नहीं आता.”

“लॉईड नहीं आता,” शहरबानू म्हणाल्या. “वो तो नीचे ही है.”

म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, सदानंदनं स्वतःला समजावलं. दिवस मोजता येत नाहीत त्यांना. पाइप तापतो, निवतो, टकटक करतो. लोखंडाचा तो स्वभावच आहे. आणि चहाचं म्हणाल तर एक गोष्ट नक्की झाली. हा नवा माणूस चहा पीत नाही. सदानंद खाली असायचा तेव्हा शहरबानूंच्या घरचा वेलचीचा चहा एकटा तीन पेले प्यायचा. त्या क्षुद्र विजयानंसुद्धा त्याला जरा बरं वाटलं.

तो आतल्या बोळातून निघाला. दोन्ही बाजूंना बंद खोल्या, प्रत्येकीच्या दाराखालून ऊब येत होती. इतकी की पायांना कळावं. कुणी राहत नसलेल्या खोल्या इतक्या कशाला तापवायच्या? वास कुठंच नव्हता, धूळ नव्हती. नुसती कोरडी, जपून ठेवलेली ऊब. आणि त्याच्या चालण्याबरोबर भिंतीतला पाइप बारीक आवाज करत होता. तो थांबला की आवाज थांबायचा. जरासा उशिरानं.

५

लॉईड मागच्या बेडरूममध्ये फरशीवर आखडलेला पाय लांब करून बसला होता. सदानंदला दारात पाहून तो आधी दचकला, मग तोंडभर हसला.

“अरे! आज वर कसा काय?”

“वर कसा काय म्हणजे?” सदानंदची तालीम तिथंच कोलमडली. “खाली कोण आहे ते बघायला आलोय. लाज नाही वाटत? इतक्या वर्षांचा जोडीदार मी, आणि मला पत्ता नाही. वर त्याला माझी शेपटीपण शिकवलीस?”

“कुणाला?”

“तुझ्या त्या नव्या माणसाला!”

लॉईड त्याच्याकडे बघत राहिला. मग पाना बाजूला ठेवून त्यानं हात पुसले.

“सदा, मस्करी करतोस ना? खाली तूच असतोस की.”

“मी?”

“मग कोण? मी सगळं समजून होतो रे. साहेब झालास, पण तुला माझ्या गुडघ्याची काळजी. ऑफिसला कळलं तर तुझी खुर्ची जायची, म्हणून गुपचूप येतोस, गुपचूप जातोस. म्हणून मीपण कधी विषय काढला नाही. माझ्या बायकोला, रोशेललापण सांगितलं नाही मी.” लॉईडचे डोळे भरून आले होते. “घरी गेलो की रोज तुझ्यासाठी एक प्रेयर म्हणतो मी, माहितेय? असा दोस्त कुणाला मिळतो, म्हणतो.”

सदानंद खाली बसला. सगळा हिवाळा सदानंद ज्याच्यावर जळत होता तो तो स्वतःच होता. लॉईडनं त्याला सोडलं नव्हतं. लॉईड त्याच्याच नावानं प्रार्थना करत होता. आनंद व्हायला हवा होता. पण ती प्रार्थना चुकीच्या पत्त्यावर पोचत होती, आणि तिकडं कुणीतरी ती घेत होतं.

“लॉईड,” तो हळूच म्हणाला, “मी नव्हतो.”

“चल, काहीतरीच.”

“शुभ्राची शपथ. बढतीचा फोन आला त्या दिवसानंतर मी या घरात पाऊल टाकलेलं नाही.”

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी मी आधीच वर आलो होतो. गेटपाशी होतो. तुझे तीन ठोके मी ऐकलेच नाहीत.”

लॉईडच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण नुसतं तिथं राहिलं, विसरलेल्या दिव्यासारखं. “पण तू उत्तर दिलंस की,” तो म्हणाला. “त्या दिवशीपण. शेपटीसकट.”

बाहेर शहरबानूंच्या जपमाळेचे मणी वाजत होते. ते थांबले.

रेडिएटरमधून आवाज आला. कुणी विचारलेलं नसताना. टण, टण. थांबून, टिक.

जणू खालचा विचारत होता, की काय झालं? सोडू ना पाणी?

६

“पाइप तापतोय,” सदानंद म्हणाला.

“हो,” लॉईड म्हणाला. “पाइप तापला की आवाज होतो.”

“लोखंड आहे.”

“हो ना. लोखंड आहे.”

एवढं शास्त्र एकमेकांना सांगून झाल्यावर लॉईडनं गळ्यातला क्रूस शर्टाबाहेर काढला. “सदा, चल, निघू आपण. बाईंना सांगू पार्ट मागवायचाय म्हणून. यल्ला, उठव मला.”

शहाणा माणूस उठला असता. पण सदानंदच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. ‘असा दोस्त कुणाला मिळतो.’ ते वाक्य त्याचं होतं. खालच्या त्या उबदार खोलीत बसून, ओल्या हातांनी कमावलेलं. आणि ते कुणी फुकटात घेऊन बसलं होतं.

“मी खाली जाऊन बघतो,” तो म्हणाला.

“नको जाऊ. कशाला?”

“माझी जागा आहे ती.”

लॉईडनं त्याचा हात धरला. “पोचलास की ठोक. मग मी तीन ठोके देतो, की लगेच वर ये. वाट बघू नकोस. ऐकलंस?”

“ऐकलं,” सदानंद म्हणाला, आणि सवयीनं लॉईडच्या खांद्यावर बोटानं टिचकी मारली. टिक. लॉईडनं हात झटकन मागं घेतला.

अंगणात लख्ख ऊन होतं. मशिदीतून असरची, दुपारनंतरची बांग येत होती. उंबऱ्यावरच्या चहावर साय धरली होती. सदानंदनं लोखंडी दार ढकललं. ते आतून नुकतंच तेल घातल्यासारखं उघडलं.

उभ्या पायऱ्या, तळाशी पिवळा दिवा. ओळखीची खोली. मधे बॉयलर, भिंतीवर प्रेशरचा गोल काटा, त्याखाली पाणी भरायचा वॉल्व, आणि बॉयलरमागं ती सांदट, जिथं तो उकिडवा बसायचा. फरशी कोरडी होती. पाइपाच्या ज्या जागेवर पाना पडायचा तिथला रंग केव्हाचा उडून लोखंड चकाकत होतं. एका हिवाळ्याचं नव्हे, कितीतरी वर्षांचं ठोकणं असावं इतकं.

सांदटीत कुणीतरी बसलं होतं.

त्याला दिसली ती फक्त पाठ. कंपनीचा जुना निळा शर्ट, बढती मिळाल्यावर अनुराधानं ज्याची पोतेरी केली तो, उजव्या खांद्यावर तिनंच घातलेल्या रफूसकट. मानेवर घाम नव्हता. डोक्यामागं छोटं गोल टक्कल. हे टक्कल कुठंतरी पाहिलंय, असं सदानंदला वाटलं, आणि मग आठवलं. बर दुबईतला न्हावी केस कापून झाल्यावर मागं आरसा धरतो, त्यात.

तो जो होता तो पाइपाला कान लावून बसला होता. इतका लक्ष देऊन, इतक्या मायेनं, की सदानंद आयुष्यात कधी तसा बसला नव्हता. तो जांभया द्यायचा. चहाची वाट बघायचा. फोनची वाट बघायचा.

वरून ठोका आला. दोन नाहीत, तीन नाहीत. एकच, घाबरलेला. लॉईड विचारत होता, पोचलास का?

त्या पाठमोऱ्याचा हात पान्याकडे गेला. सावकाश, सवयीनं.

आणि इथं सदानंदनं ती चूक केली. पळाला नाही, ओरडला नाही, रामाचं नाव घेतलं नाही. त्याला एवढंच कळलं की लॉईडनं आपल्याला हाक मारलीय आणि उत्तर दुसरा देणार आहे. तो पुढं झाला, खाली वाकला, आणि त्याच्या हाताआधी पाना उचलून पाइपावर मारला.

टण. थांबून, टिक.

तो जो होता तो उठला. कसलीही घाई नाही. दिवसभराची ड्यूटी संपवून, बदलीचा माणूस आल्यावर उठावं तसा. गुडघे मोडल्याचा आवाज झाला. सांदट अरुंद, तो अगदी चिकटून गेला, आणि सदानंदला स्वतःच्याच डोक्याच्या तेलाचा वास आला. सदानंदनं मान वर केली नाही. बघितलं असतं तर तोंड दिसलं असतं.

पायऱ्यांवर पावलं वाजली. वर दार उघडलं, उन्हाची एक पट्टी पायऱ्यांवर सांडली आणि परत उचलली गेली.

सदानंद त्याच्या जागेवर बसला. जागा गरम होती.

७

त्यानं पाइपाला कान लावला आणि थक्क झाला. सगळं घर ऐकू येत होतं. जपमाळेचा मणी सरकला, तो. दाराखालून वारा शिरला, तो. मागच्या बेडरूममध्ये लॉईडचा श्वास, आणि तो पुटपुटत असलेली प्रार्थना. इतकी वर्षं तो इथं बसला आणि यातलं काही त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

आता तीन ठोके येतील. आले की उठायचं.

बोळातून पावलं गेली. बेडरूमचं दार वाजलं.

“सदा!” लॉईड ओरडला. “देवा रे! घाबरवलंस! अरे, मी आता तीन ठोके देणारच होतो. कोण होतं खाली?”

“कुणी नाही रे,” सदानंदच्या आवाजात कुणीतरी म्हणालं. “पाइप तापतोय.”

“खरं?”

“लोखंड आहे.”

लॉईड हसला. आधी थोडं, मग सुटल्यासारखा, खोकला येईस्तोवर. पिशवीत हत्यारं पडायला लागली. “चल, उठव मला. गाडी नाही ना आणलीस? माझ्याबरोबर चल. अनुराधा वहिनींना सांग, आज लवकर येतोय म्हणून.”

“सांगतो.”

“किती दिवसांनी आपण बरोबर चाललोय रे सदा.”

“आता रोज,” तो आवाज म्हणाला.

सदानंदनं पाना उचलला. ठोकावं. ओरडावं. पायऱ्या समोरच होत्या, दाराला बाहेरून कडीही नव्हती. तो अर्धा उठलासुद्धा. पण अर्ध्यावर त्याला शंका आली. तीन ठोके आलेले नाहीत. खालचा माणूस वर पोचलाच आहे म्हटल्यावर ते आता कोण देणार? पण ते ऐकल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम. एकदा सोडली होती, तर कुणीतरी येऊन बसलं. आता परत सोडली, आणि अजून एखादा आला तर? पुढच्या वेळी लॉईड वरून दोन ठोके देईल. ते कुणी ऐकायचे? त्या चोराला तर काय, मिळालं सगळं, लॉईड मिळाला, लॉईडच्या गाडीत शेजारची सीट मिळाली, घरी अनुराधाची आमटी मिळेल, शुभ्रा मान वर न करता त्याच्याशी बोलेल. राहिलंय काय तर ही एक जागा. हीपण द्यायची?

तो परत खाली बसला. वॉल्ववर एक हात ठेवला, पाइपाला कान.

पिकअप चालू झाली, गेटबाहेर वळली. दोन माणसं आत कशावर तरी एकदमच हसली. मग डोंगर आणि त्या डोंगराएवढी शांतता.

काही वेळानं वरच्या दारापाशी शहरबानूंची चप्पल वाजली. गार झालेला पेला उचलून त्यांनी नवा ठेवला, आणि वेलचीचा वास पायऱ्या उतरून खाली आला. इतका, की सदानंदच्या तोंडाला पाणी सुटलं. सात-आठ पायऱ्या चढून हात लांब केला असता तर पेला हाती आला असता.

“चाय पी लो, बेटा,” शहरबानू दाराच्या फटीतून म्हणाल्या.

सदानंदनं कान पाइपालाच ठेवला. वॉल्ववरचा हात काढला असता, तर तेवढ्यात वरून ठोके आले असते.